मागच्या दाराचं कुलूप

प्रिय शाईबोट्या,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखलं असशील, पण हे नाव वाचून मात्र दचकला असशील. तुला या नावाने हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि गेल्या चौतीस वर्षांत मीही ते तोंडातून काढलेलं नाही. चारचौघांत मी तुला ‘संपादकसाहेब’ म्हणत आलो आणि तूही कधी ‘अरे, हे काय साहेब-साहेब लावलंयस’ असं म्हणाला नाहीस. शाळेत तुझ्या उजव्या हाताची तीन बोटं कायम निळी असायची, कारण तू पेन धरायचास ते पार निबेला टेकून. मी काहीही बघताना डावा डोळा मिटायचो, म्हणून मी एकडोळ्या. वर्गातल्या पोरांनी ठेवलेली ती नावं इतकी चिकटली की तुझं खरं नाव माझ्या आईला मुद्दाम सांगावं लागलं होतं. तब्येत कशी आहे, असं विचारत नाही. ती मला ठाऊक आहे. दुसऱ्या झटक्यानंतर तू जिना चढत नाहीस, जेवणात मीठ बंद आहे, आणि दुपारी खिडकीशी बसून भिंग घेऊन पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतोस, अगदी छोट्या जाहिरातींसकट. वाचतोस हे फार बरं आहे.

आज सकाळपासून मला ती बकरी आठवते आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो, गळ्यात मामाचा जुना कॅमेरा होता, त्याचं बटण थंडीत अडकायचं. तू नुकताच पेपरात उपसंपादक म्हणून चिकटला होतास. शाळेच्या छपरावर एक बकरी चढून बसली आणि सगळी शाळा पटांगणात येऊन वर बघत उभी राहिली, मास्तरांसकट. मी फोटो काढला आणि धावत तुझ्याकडे आणला. तू खाली ओळ लिहिलीस, ‘शिक्षणाची पातळी उंचावली’. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक भांडायला आले तेव्हा तू त्यांना चहा पाजून परत पाठवलंस. फोटोखाली माझं नाव नव्हतं. तू कचेरीतल्या अंकावर पेनने ते लिहिलंस आणि म्हणालास, “छापून येईपर्यंत एवढ्यावर भागव.” मी तुझ्यावर जीव टाकायला लागलो तो त्या दिवसापासून. हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. परक्या माणसावर इतकी वर्षं इतका राग धरता येत नाही.

मग पेपराची नोकरी लागली. जिन्याखालची ती डार्करूम आठवते? ताठ उभं राहिलं तर डोकं आपटायचं, आणि अंगाला औषधाचा असा वास लागायचा की लग्नानंतर पहिले सहा महिने बायको मला आधी अंघोळ आणि मग बोला म्हणायची. अकरा वर्षं मी सायकलवरून या शहराचे फोटो काढले. फिती कापणारे हात, पुलाखाली उलटलेला दुधाचा टँकर, फुटबॉलच्या सामन्यात रेफ्रीच्या मागे धावणारे प्रेक्षक. पेपरातल्या पगारावर घर चालत नव्हतं म्हणून दुपारी लग्नं, पासपोर्टचे फोटो, शाळांचे वर्ग. तू ओरडायचास, की बातमीचा माणूस लग्नात फिरतो हे बरं दिसत नाही. पण तुझ्याही लग्नाचे फोटो मीच काढले, आणि वहिनींच्या कपाळावरचा घाम पुसायला तुला हळूच खुणावलं तेही मीच.

रेनकोटच्या कारखान्याचं काम असंच दुपारचं होतं. कामगारांची ओळखपत्रं करायची होती. दोन दिवसांत दीडशे माणसं. मी भिंतीवर करडं कापड ठोकलं, एक स्टूल ठेवलं, आणि एकेकाला बसवत गेलो. वरच्या मजल्यावरच्या शिवणाऱ्या बायका एकमेकींना चिडवत, केस सारखे करत रांगेत उभ्या होत्या. त्यातली सगळ्यांत लहान मुलगी फोटो काढून झाल्यावर उठेचना. “डोळे मिटले माझे. परत काढा ना, आयुष्यभर मिटलेल्या डोळ्यांनी आत येऊ का?” मागच्या बायका हसल्या. मी परत काढला. त्यानंतर दोनच महिन्यांनी तिचा तोच फोटो आपल्या पहिल्या पानावर आला, आणखी सहाजणींच्या फोटोंबरोबर, कारण त्या सातजणींचा ओळखू येईल असा चेहरा आता फक्त माझ्या निगेटिव्हवर उरला होता.

त्या सकाळी मी एका शाळेच्या बक्षीस समारंभात होतो. अकराच्या सुमाराला रेनकोटच्या कारखान्यावर धूर दिसला. पुढच्या फाटकाशी गर्दी होती, म्हणून मी मागच्या गल्लीत गेलो आणि भिंतीवरून आत उडी टाकली. घोट्याला जे लागलं ते अजून पावसाळी हवेत दुखतं. मागच्या जिन्याचं दार बंद होतं. बाहेरून कडी, कडीत कुलूप. दाराच्या फटींमधून धूर येत होता आणि आतून आवाज येत होते. ते कसले होते हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही. मी दगडाने कुलूप ठोकलं. एकदा, दोनदा, पाचदा. ते हललं नाही. मी ओरडलो आणि आगीच्या बंबाचा एक जवान कुऱ्हाड घेऊन धावत आला. तो येईपर्यंतच्या दहाएक पावलांत मी पहिला फोटो काढला. लोकांनी मला नंतर विचारलं, की आत माणसं असताना तुला फोटो कसा सुचला? हात आपोआप वर गेले. दुसरा फोटो काढला तेव्हा जवानाची कुऱ्हाड कुलपावर पडत होती. तिसऱ्यात दार मोडून पडलं होतं आणि तो तोंडावर हात घेऊन मागे सरकत होता. तोपर्यंत आतले आवाज थांबले होते.

छापायला तू पहिला फोटो निवडलास. “हा स्वच्छ आहे,” म्हणालास. “नुसतं दार आणि कुलूप. वाचकाला अजून काही सांगायला नको.” बरोबर बोललास. त्या दिवशी अंक दुपारपर्यंत संपले, पुन्हा छापावे लागले. फोटोखाली माझं नाव होतं, चांगलं ठळक. तू मला मिठी मारलीस. निगेटिव्हची पट्टी तू माझ्याकडून मागून घेतलीस, की आता ही जपून ठेवायला हवी, डार्करूमच्या दोरीवर लोंबकळत ठेवायची वस्तू नव्हे ही. मी खिशातून काढून दिली. त्या वेळी तू माझी मान मागितली असतीस तरी दिली असती.

तिसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक आपल्या पेपराच्या मालकांच्या घरी जेवायला गेले. चौथ्या दिवशी बोलणं सुरू झालं, की मागचं दार कधीच बंद नसतं. आग विझल्यावर फोटोग्राफरने मोडकं दार चौकटीत उभं करून कुठलं तरी कुलूप आणून लटकवलं, पेपर खपावा म्हणून. खरं कुलूप तोवर नाहीसं झालं होतं. बंबाचा जवान म्हणाला, धुरात काही दिसलं नाही, आणि महिनाभरात त्याची बदली झाली. मी तुझ्याकडे धावत आलो. म्हटलं, दुसरा फोटो छाप, त्यात कुऱ्हाड आहे, धूर आहे, कुलूप आहे, प्रश्नच मिटला. तू खुर्चीतून उठलास, दार लावून घेतलंस आणि मला सांगितलंस, की पट्टी छपाईचा ब्लॉक करणाऱ्याकडून हरवली. तू माझ्याइतकाच हादरलेला दिसत होतास. मी तुझं सांत्वन केलं, शाईबोट्या. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “जाऊ दे, तुझी काय चूक.”

मग तू तो कागद पुढे केलास. खोटा पुरावा तयार केल्याचा गुन्हा माझ्यावर दाखल होणार आहे, असं तू म्हणालास. बायकोचे दिवस भरत आले होते. “तुरुंगात बसून बारसं करणार आहेस का? सही कर. हा कागद माझ्या खणात राहील, मालकांना दाखवण्यापुरता. दोन महिन्यांनी सगळं निवळलं की तुला परत घेतो. मी आहे ना.” कागदावर लिहिलं होतं, की फोटो परिणामकारक व्हावा म्हणून मी दृश्यात बदल केला. अक्षर तुझं होतं. वाक्य इतकं चांगलं होतं की त्यात खोटं कुठे सुरू होतं ते शोधावं लागत होतं. मी सही केली. ती कुणी माझ्या मानेवर पाय ठेवून घेतली नाही. मी घाबरलो आणि केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पडलेला पेपर बायकोने उचलला. पहिल्या पानावर चौकट होती, ‘वाचकांची क्षमा मागतो’, आणि तिच्यात माझा कबुलीनामा माझ्या सहीसकट. बायकोने तो वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि पाणी तापवायला गेली. परत घेण्याची गोष्ट पुढे तूही काढली नाहीस, मीही काढली नाही. पण त्यानंतर कुठल्याच पेपराने मला दारात उभं केलं नाही. ‘कुलूपवाला’ म्हणायचे मला. अजून दोघे-तिघे म्हणतात.

पंधराएक दिवसांनी त्या लहान मुलीची आई माझ्याकडे आली. ओळखपत्राचा फोटो मोठा करून हवा होता, भिंतीवर लावायला. मी करून दिला. तो कागदात गुंडाळत असताना ती म्हणाली, “तुम्ही म्हणता दार उघडं होतं. मग माझी पोरगी बाहेर का नाही आली, एवढंच सांगा. बावीस पायऱ्या तर होत्या.” तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मी दोरा बांधत राहिलो. बांधून झालेली गाठ सोडून पुन्हा बांधली. ती फोटो घेऊन गेली. खटला निकाली निघाला, कारखान्याचे मालक निर्दोष सुटले, निकालपत्रात माझ्या कबुलीजबाबाचा उल्लेख चार वेळा आहे. मी मोजलाय.

पुढचं तुला वरवर माहीत आहे, पण आतून माहीत नाही. मी भाड्याने गाळा घेतला आणि धंदेवाईक फोटोग्राफर झालो. खऱ्या फोटोबद्दल खोटारडा ठरलेल्या माणसाला खोट्याचंच काम मिळालं, आणि त्यात मी उस्ताद निघालो. सूपच्या वाडग्यात तळाशी काचेच्या गोट्या टाकायच्या म्हणजे भाज्या वर तरंगतात. आइस्क्रीम दिव्याखाली वितळतं, म्हणून उकडलेला बटाटा रंगवायचा. सफरचंदावर पाणी टिकत नाही, ग्लिसरीनचे थेंब सोडायचे. बिस्किटांचे डबे, फरशा, पंखे, दंतमंजनाची हसरी तोंडं. गिऱ्हाइकं म्हणायची, “अगदी खरं वाटतंय हो!” आणि आता ऐक, कारण हे तुला कुणी सांगितलं नसेल. नवव्या वर्षी त्या कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. नवी इमारत, नवे रेनकोट, मोठं कॅटलॉग. मी नाही म्हणालो नाही. एका पोरीला पिवळा रेनकोट घालून उभं केलं, शिडीवर चढलो आणि झारीने तिच्यावर पाऊस पाडला. ती हसत होती. सतरा वर्षं मी त्यांची कॅलेंडरं काढली. बायकोने त्यातलं एकही घरात टांगू दिलं नाही. गिऱ्हाइकाने दिलेलं कॅलेंडर आलं की ते गुंडाळीतच रद्दीत जायचं, आणि आमच्या स्वयंपाकघरात तारीख बघायची तर शेजाऱ्यांना हाक मारावी लागायची.

आणि तू माझ्याकडे येत राहिलास. हे मला अजूनही पुरतं उमगलेलं नाही. शहरात आणखी चार स्टुडिओ निघाले, तरी तुझ्या रविवारच्या सदराचा फोटो माझ्याकडेच. ‘खरं सांगायचं तर’ असं त्या सदराचं नाव, आणि त्याच्या वर हनुवटीखाली मूठ धरलेला तू. दर पाच-सहा वर्षांनी नवा फोटो, पुरस्कार मिळाला की आणखी एक. मी तुझी हनुवटी दोन बोटांनी उचलून सारखी करायचो, चष्म्यावरची चमक घालवायला दिवा हलवायचो. तू कधी लेन्सकडे बघितलं नाहीस. नेहमी माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. लोक म्हणायचे, काय विचारमग्न चेहरा आहे! मी प्रत्येक वेळी तुझा उत्तमातला उत्तम फोटो दिला. कुरूप काढणं माझ्या हातात होतं, खालून एक दिवा दिला असता की झालं. पण मला तुझ्यावर तसला चोरटा सूड नको होता. तो घेतला असता तर माझं मन निवलं असतं, आणि मला ते निवू द्यायचं नव्हतं.

तुझ्या मुलीला मी चार वर्षांची असल्यापासून बघतो आहे. शाळेचा पहिला फोटो, दात पडलेला फोटो, पदवीचा काळा झगा. ती मला काका म्हणते आणि लेन्समध्ये सरळ बघते. तुझ्या पहिल्या झटक्यानंतर ती पेपराचं संपादन बघायला लागली तेव्हा मी मनात म्हटलं, हिची बोटं कधी निळी होणार नाहीत, सगळं आता पडद्यावर. दोन वर्षांपूर्वी कारखान्याचे मालक गेले, अंथरुणात, नातवंडं भोवती. आपल्या पेपराने अर्धं पान दिलं. फोटो माझाच होता. त्या दिवशी मी गाळा बंद करून घरी बसलो. तो माणूस माझ्या हातून सुटला होता. मी काही करणार होतो असं नाही, पण सुटला होता. बायकोने विचारलं, “बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, “एक गेला.” ती म्हणाली, “अजून एक आहे ना,” आणि भाजी चिरायला लागली.

तीन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, तुझी मुलगी माझ्याकडे आली. पेपराच्या वर्धापनदिनाच्या खास अंकासाठी ती जुनी कागदपत्रं बघत होती. तुझ्या घरातल्या लोखंडी कपाटात, घराच्या कागदांच्या खाली, तिला एक खाकी पाकीट सापडलं होतं. वर तुझ्या अक्षरात एकच शब्द, ‘कारखाना’. आत निगेटिव्हची पट्टी. तिने ती माझ्या उजेडाच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, “काका, हे तुमचंच ना?” मी भिंग लावलं. पहिले तीन फोटो बक्षीस समारंभाचे, हातात पेला घेतलेली मुलं. मग दार. मग कुऱ्हाड. मग धूर. एकही ओरखडा नाही. तू पट्टी मऊ कागदात गुंडाळली होतीस, बुरशी धरू नये म्हणून आत ओल शोषणारी पुडी ठेवली होतीस. चौतीस वर्षं! मला वाटत होतं ती हरवली. देवाशपथ सांगतो, मला तसंच वाटत होतं. तुझ्यावर माझा राग होता तो तू घाबरलास म्हणून, मला विकलंस म्हणून. मीही घाबरलो होतो, तेव्हा त्या रागात थोडी तुझ्यासाठीही जागा होती. त्या दुपारी ती उरली नाही. खटला चालू असताना ती पट्टी तुझ्या कपाटात होती. ती आई माझ्यासमोर उभी होती तेव्हाही तुझ्याच कपाटात. तू ती जाळली असतीस तर मी तुला समजू शकलो असतो. तू ती सांभाळलीस. कशासाठी, रे? म्हातारपणी कधीतरी धीर येईल म्हणून? की आपण इतकेही वाईट नाही, असं स्वतःला सांगता यावं म्हणून?

मी तुझ्या मुलीला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. डॉक्टरांनी बाबांना धक्का बसू देऊ नका म्हटलंय. तुम्ही थांबा म्हणालात तर मी थांबेन. तुम्हाला कळतंय मी काय म्हणते ते.” कळत होतं. तू जाईपर्यंत थांबायचं. मी तीन दिवस विचार केला, आणि खोटं कशाला बोलू, तुझ्या तब्येतीची काळजी त्यात मिनिटभरही आली नाही. मेलेल्या माणसाला फक्त फुलं पोचतात. कारखान्याच्या मालकाला तीच पोचली. तू वाचायला हवंस, भिंग घेऊन, खिडकीशी बसून, तुझ्याच पेपरात, तुझ्या मुलीच्या नावाखाली. मी घरी बायकोला पट्टीचे छाप दाखवले. तिने हात पुसून ते बघायला घेतले. कुऱ्हाडीचा फोटो तिने बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, “अहो, छापा. पण नुसतं त्यांचं नाव नको. तुमची सहीही छापा. कॅलेंडरंही.” म्हणून तेही येतं आहे. माझा कबुलीनामा येतो आहे, पिवळ्या रेनकोटमधली हसणारी पोरगी येते आहे, आणि मी ते का काढलं याचं उत्तर माझ्याच शब्दांत येतं आहे. सुडाची एवढी किंमत मला परवडते.

परवा तुझी मुलगी आणि मी त्या आईकडे गेलो. ऐंशी ओलांडली आहे तिने. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून फोटो मोठा करून नेला होता. तिने तो मांडीवर ठेवला, कुलपावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “मला ठाऊकच होतं. तुम्हाला ठाऊक होतं का, तेवढं कळत नव्हतं.” मी म्हटलं, “होतं. तेव्हाही होतं.” तिने आम्हाला बसा म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. तुझी मुलगी जिन्यात रडली. मी रडलो नाही. मला तुझी आठवण येत होती.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहिलेलं नाही. मला तुला काहीही कळवायचं नव्हतं. उद्या रविवारी सकाळी पेपर उघडून तुझ्या तोंडचं पाणी पळावं, एवढंच मला हवं होतं. पण तुझी मुलगी हटून बसली. “बाबांना आधी सांगितल्याशिवाय मी छापणार नाही, आणि ते मला सांगवणार नाही. तुम्ही लिहा.” म्हणून लिहिलं. हे तुझ्या हातात तिनेच दिलं असेल आणि ती आता शेजारच्या खोलीत बसली असेल, गोळ्यांची डबी घेऊन. पहिलं पान तयार आहे. तिन्ही फोटो ओळीने आहेत, त्यांच्याखाली त्या सातजणी. अगदी खाली तिने चार ओळींची जागा मोकळी ठेवली आहे, आणि त्या जागेखाली तुझं नाव. संध्याकाळी सहापर्यंत तू लिहून देशील ते ती जसंच्या तसं छापेल, काना-मात्रा न बदलता. नाही दिलंस तर ती जागा तशीच कोरी जाईल, खाली नुसतं नाव. तिला वाटतं तू लिहावंस. तू लिहिशीलही, आणि चांगलं लिहिशील. चार ओळींत तू शहराला रडवशील, त्या म्हातारीलाही कदाचित, आणि मला भीती वाटते की मलाही. तेव्हा आपल्या बालपणाच्या मैत्रीखातर एवढं माझं ऐक. पेन हातात धरू नकोस. ती जागा मला कोरीच बघायची आहे.

तुझाच,
एकडोळ्या